ज्या साली कारखाना बंद होता

ओरव्हल टॅकेटबद्दल गावात कुणी गोड बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. नेमबाज चांगला होता, मान्य. पाऊणशे पार केल्यावरही शनिवारी त्याच्यापुढे कुणी टिकत नसे. पण माणूस म्हणून? माझ्या दुकानातल्या बाकावर बसून त्यानं चाळीस वर्षं फुकटची कॉफी ढोसलीय, मला नका सांगू.

दुकान बंदुकांचं. काढलं माझ्या नवऱ्यानं, चालवलं मी. तो गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, ऑर्लीन आता गाशा गुंडाळून बहिणीकडे टल्साला जाणार. गेले नाही. सकाळी दार उघडलं की गावातले रिकामटेकडे म्हातारे येतात, कॉफी ओतून घेतात आणि एकच वाद घालत बसतात. पहिल्या पिढीचं चांगलं, दुसऱ्या पिढीचं, की तिसऱ्या?

पिढ्या म्हणजे त्या एका रिव्हॉल्व्हरच्या. दर गोळीला अंगठ्यानं घोडा मागे ओढावा लागतो ते, पूर्वी गुराख्यांच्या कमरेला असायचं ते. महायुद्धाआधी बनलं ते पहिल्या पिढीचं. मग कारखान्यानं ते बंद केलं. पंधरा वर्षांनी लोकांची मागणी आली म्हणून पुन्हा काढलं, ती दुसरी पिढी. तीही चौऱ्याहत्तरच्या सुमाराला थांबली, आणि शहात्तरला तिसरी सुरू झाली. परक्या माणसाला तिन्ही सारखीच दिसतील. आमच्याकडे यावरून सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय.

ओरव्हलचं मत ठरलेलं होतं. "पहिली काचेच्या कपाटात ठेवायला, दुसरी पुरुषाच्या हातात, आणि तिसरी विमा एजंटांना." हे तो रोज म्हणायचा आणि रोज स्वतःच हसायचा.

आता आमच्या गावात एक रीत आहे. पोर एकवीस वर्षांचं झालं की बाप त्याला त्याच्या जन्मसालचं रिव्हॉल्व्हर देतो. शनिवारी नेमबाजीला सगळे जमतात, जुन्या काळच्या टोप्या आणि जाकिटं चढवून, आणि सगळ्यांसमोर बाप ते पोराच्या तळहातावर ठेवतो. पोरानं पाच गोळ्या भरायच्या. सहावं घर घोड्याखाली रिकामं, कारण या जुन्या घडणीत भरलेल्या घरावर घोडा टेकवला आणि धक्का लागला तर पाय गेलाच म्हणून समजा. पाच झाडायच्या, मग बाप खांद्यावर थाप मारतो आणि मंडळी मांस भाजायला घेतात. मुलींनाही देतात. माझ्या बापानं मला सत्तावन्न सालचं दिलं होतं. दारुडा होता मेला, पण ते त्यानं दिलं.

ओरव्हलची मोठी मुलगी ट्वायला. जन्म पंचाहत्तरचा. दुसरी पिढी संपलेली आणि तिसरी अजून सुरू व्हायची होती, त्या सालचा.

ती एकवीस वर्षांची झाली त्या शनिवारी मी तिथेच होते. पोरीनं नवी टोपी घेतली होती. ओरव्हल सगळ्यांसमोर उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "काय करणार मंडळी, हिच्या साली कारखानाच बंद होता! ही येणार म्हटल्यावर त्यांनी यंत्रंच थांबवली." लोक हसले. मग त्यानं ट्रकमधून एक बिडाचा तवा काढला आणि तिच्या हातात दिला. "या कारखान्यानं मात्र पंचाहत्तर साली सुट्टी घेतली नव्हती." लोक पोट धरून हसले. ट्वायलाही हसली, दुसरं काय करणार? मग तो तवा छातीशी धरून दिवसभर तिथेच उभी राहिली.

तीन वर्षांनी भाऊ रॅन्सची पाळी आली. रॅन्स अठ्ठ्याहत्तरचा, म्हणजे तिसऱ्या पिढीचा. तेव्हा ओरव्हलच्या तोंडून विमा एजंट हा शब्द निघाला नाही. चार राज्यं पालथी घालून त्यानं हस्तिदंती मुठीचं एक शोधून आणलं आणि आम्हालाच ऐकवलं, "सुरुवातीच्या खेपेतलं आहे, ते वेगळं." पुढे रॅन्स डॅलसला जाऊन खरोखरच विमा एजंट झाला. देव असतो कधीकधी.

तव्याचा विनोद मात्र संपला नाही. ट्वायला दुकानात आली की कुणीतरी विचारायचंच, "काय ओरव्हल, कारखाना सुरू झाला का?" आणि ओरव्हल म्हणायचा, "छे, अजून सुट्टीवर." तिचं लग्न मोडलं तेव्हासुद्धा त्यानं हेच म्हटलं. पुढे ओरव्हलची बायको रूबी वारली, त्याची फुप्फुसं निकामी झाली, नाकात नळी आणि मागे चाकावरची प्राणवायूची बाटली आली, तेव्हा कोण धावून आलं? ट्वायलाच. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करून ही बाई त्याला आंघोळ घालायची, औषधं द्यायची, त्याची रिकामी काडतुसं रात्री जेवणाच्या टेबलावर स्वतः दारू घालून पुन्हा भरायची आणि शनिवारी त्याला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन जायची. रॅन्स वर्षातून एकदा टर्कीच्या जेवणाला यायचा आणि उरलेलं डब्यात भरून न्यायचा.

या फेब्रुवारीत ट्वायला एकटीच दुकानात आली. मी म्हटलं, "म्हातारा कुठाय?"

"दवाखान्यात, छातीचा फोटो काढतायत. माझ्याकडे अर्धा तास आहे, मिस ऑर्लीन." मग काचेच्या कपाटाकडे बघत म्हणाली, "मला एक घ्यायचंय."

"काय?"

"ते. माझ्यासाठी. मे महिन्यात पन्नास पूर्ण होतात." तिचे कान लाल झाले होते. "मी विचार केला, पंचाहत्तरचं नाही तर नाही. चौऱ्याहत्तरचं घ्यावं की शहात्तरचं, एवढंच ठरवायचंय."

मी दोन्ही काढून काउंटरवरच्या फेल्टच्या कापडावर ठेवली. डावीकडे दुसऱ्या पिढीतलं शेवटाशेवटाचं, उजवीकडे तिसऱ्या पिढीतलं अगदी सुरुवातीचं. तिनं दोन्ही आलटून पालटून हातात घेतली. बापाची पोर, पकडायची कशी हे सांगावं लागलं नाही. घोडा मागे ओढला की या रिव्हॉल्व्हरचे चार खटके ऐकू येतात; ती डोळे मिटून ते ऐकत होती.

"दुसऱ्या पिढीचं मऊ आहे," ती म्हणाली.

"आहेच. आणि महागही."

"पैशांचं बघते मी. पण चौऱ्याहत्तरचं घेतलं तर डॅडी म्हणतील, तेव्हा तू जन्मली तरी होतीस का? दुसऱ्याच्या पोराचं उचलून आणलंस. आणि शहात्तरचं घेतलं तर—"

"विमा एजंट."

"हो." तिनं दोन्ही खाली ठेवली. "कुठलं घेतलं तर ते हसणार नाहीत?"

मी गोड बोलणारी बाई नाही. मी म्हटलं, "ट्वायला, तू सोन्याचं आणलंस तरी तो हसणार. आणि समज नाही हसला, तर काय होईल?"

"मी त्यांना म्हणेन, हे माझ्या हातात द्या. रॅन्सला दिलंत तसं." तिनं फेल्टची सुरकुती सरळ केली. "पैसे माझे, कागद माझ्या नावावर. त्यांनी खर्च करू नये, शोधू नये, थापसुद्धा मारू नये. फक्त उचलून माझ्या हातात द्यावं. डॉक्टर म्हणतायत, पुढचा हिवाळा काही खरा नाही. ते गेल्यावर कोण देणार मला?"

पन्नाशीची बाई! मला रडू आलं आणि रागही आला, आणि माझं दोन्ही एकदम आलं की मी खेकसते. "जा घरी," मी खेकसले. "मी बघते काय करायचं ते."

एप्रिलमध्ये शेजारच्या जिल्ह्यातली एक विधवा नवऱ्याच्या बंदुका विकायला घेऊन आली. सगळ्या गोणपाटात गुंडाळलेल्या. त्यात एक रिव्हॉल्व्हर होतं, दुसऱ्या पिढीचं, फारसं न वापरलेलं. मी चष्मा लावून नंबर वाचला आणि माझ्या हातातला कप खाली ठेवला. नंबर फारच पुढचा होता, चौऱ्याहत्तरच्या मालाच्याही पुढचा. मी लगेच कारखान्याच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या बाईला फोन लावला. ती म्हणाली, बरोबर आहे, दुसऱ्या पिढीचा उरलासुरला माल होता, तो जोडून नंतर बाहेर पाठवला. हे पंचाहत्तरच्या फेब्रुवारीत निघालं.

म्हणजे निघालं होतं! थोडीच का होईनात, निघाली होती. आणि आमच्या गावातल्या या पंडितांनी पन्नास वर्षं छाती ठोकून सांगितलं की एकही नाही. मीही त्यांतलीच एक, हे सांगायला लाज वाटते. आमच्याकडे पुस्तकातला तक्ता सगळ्यांना पाठ, पण फोन करून कुणी विचारत नाही.

ट्वायलाला सांगितलं तेव्हा ती काडतुसांच्या खोक्यावर मटकन बसली. नंतर उठून तिनं मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला. चौकशी, कागद, सगळं रीतसर तिच्या नावानं केलं आणि रिव्हॉल्व्हर तिच्या वाढदिवसापर्यंत माझ्या तिजोरीत ठेवलं. मधल्या काळात ती दोनदा नुसतं बघायला येऊन गेली.

वाढदिवस शुक्रवारी होता. तिनं केस सेट करून घेतले होते, निळा ब्लाउज घातला होता. नेहमीप्रमाणे आधी बाटली ट्रकमधून उतरवली, मग बापाला. तो धापा टाकत बाकावर बसला. बाकावर डब काइम्स होता, ओरव्हलचा चमचा. ओरव्हलच्या विनोदाला हसण्यापलीकडे त्याला आयुष्यात दुसरं काम नव्हतं. आणखी एकदोघे होते.

"एवढी नटून कुठे?" डबनं विचारलं. "कारखाना सुरू झाला वाटतं!"

ओरव्हल नाकातल्या नळीतून फसफसला. मी म्हटलं, "डब, तोंड बंद ठेव नाहीतर कॉफीचे पैसे घेईन." मग काउंटरवर फेल्ट पसरलं आणि खोका ठेवला. "ओरव्हल, एक माल आलाय. कुठल्या पिढीचं ते सांग बघू."

असली परीक्षा त्याला फार आवडायची. एरवी त्याचे हात थरथरायचे, कपातली कॉफी सांडायची. पण रिव्हॉल्व्हर हातात आलं की थरथर थांबायची. त्यानं बाजूचं झाकण उघडलं, एकेक घर फिरवून रिकामं आहे ना ते पाहिलं, मग घोडा सावकाश मागे ओढला. चार खटके झाले.

"दुसरी," तो म्हणाला. "आणि अगदी शेवटची." मग उलटं करून त्यानं नंबर वाचला. बाटली सूं सूं करत होती. "पंचाहत्तर."

स्वतःच्या तोंडानं म्हणाला! मी ट्वायलाकडे पाहिलं. ती दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून उभी होती.

"पंचाहत्तर," मी म्हटलं. "ऐकलंत ना सगळ्यांनी? बंद होता म्हणे कारखाना. ओरव्हल, आज हिचा पन्नासावा वाढदिवस. पैसे तिनं दिलेत, कागद तिच्या नावावर आहे. तुला फक्त ते उचलून तिच्या हातात द्यायचंय. एकोणतीस वर्षं उशीर झालाय, आता वेळ लावू नकोस."

ट्वायलानं उजवा हात पुढे केला, तळहात वर. शाळेतल्या भांड्यांनी खरखरीत झालेला हात. "द्या डॅडी," ती म्हणाली आणि हसली. मी तिला तशी हसताना कधी पाहिलं नव्हतं.

ओरव्हल मात्र मुठीच्या खालच्या कडेवर अंगठा फिरवत होता. तिथे एक बारीकसा पोचा होता. "हे कुणाकडून आलं?"

"नदीन पर्विसकडून. होयट गेला ना, त्याची बायको."

म्हातारा हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता निळा पडला, ट्वायलानं पाठ चोळली तेव्हा कुठे त्याला श्वास आला. "अरे, हे तर माझं!" तो म्हणाला. "हा पोचा माझा. घेतलं त्याच दिवशी ट्रकच्या फळीवर पडलं होतं हातातून."

ट्वायलाचा चेहरा असा उजळला की मी मान फिरवली. "तुमचं? तुम्ही घेतलं होतंत? पंचाहत्तर साली?"

"मग! रूबीला नववा लागला होता. तिची आत्या म्हणाली, पोट खाली आहे, मुलगाच. म्हटलं, त्याच सालचं आत्ताच घेऊन ठेवावं, पुढे मिळायचं नाही. नावसुद्धा ठरवून टाकलं होतं. मग दवाखान्यातून नर्स बाहेर आली आणि म्हणाली, मुलगी." त्यानं डबकडे पाहिलं. "त्याच संध्याकाळी होयटकडे गेलो. त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. हे त्याला दिलं आणि एक पिल्लू उचलून आणलं."

डब खिंकाळला. "कुत्र्याच्या बदल्यात? अरे देवा! पिल्लू तरी बरं निघालं का?"

"बरं? या जिल्ह्यात तसा कुत्रा पुन्हा झाला नाही. आयुष्यातला सगळ्यांत फायद्याचा सौदा."

कुत्रा आम्हा सगळ्यांना आठवत होता. वेड त्याचं नाव. ओरव्हलच्या ट्रकमध्ये वेड पुढे सीटवर बसायचा आणि ट्वायला मागे उघड्यावर, गवताच्या गाठोड्यांत, थंडीतसुद्धा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वेड मेला तेव्हा ओरव्हलनं अन्न टाकलं होतं. रूबी मेली त्या शनिवारी तो रेंजवर होता.

"वेड," ट्वायला म्हणाली. हात अजून तसाच पुढे होता. "वेड नाव मुलासाठी ठरवलं होतं?"

"ठरवलं होतं ते वाया कशाला घालवायचं?"

"आणि कारखाना बंद होता ते?"

"काहीतरी सांगायला नको का? सारखी विचारायचीस. डॅडी माझं कुठाय, डॅडी माझं कधी. लहानपणापासून रडतोंडी तू."

मला त्या म्हाताऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खरंच सांगते, नळी नसती तर वाजवली असती. पण ट्वायला रडली नाही. ती आणखी एक पाऊल पुढे सरकली आणि हात त्याच्या छातीपाशी नेला.

"बरं," ती म्हणाली. "झालं ते झालं. आता द्या."

अजूनही तिला ते हवं होतं. एवढं ऐकूनसुद्धा! मी मनात म्हटलं, दे रे थेरड्या, एवढं एक कर आणि मर खुशाल.

ओरव्हलनं तिच्या हाताकडे पाहिलं. मग त्याच्या शेजारून हात नेऊन रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं. तिच्या बोटांपासून वीतभरावर. "कुत्र्यापायी दिलेली चीज मी परत घेऊन वाटत बसत नाही," तो म्हणाला. "पैसे तुझे आहेत ना? मग उचल. ऑर्लीन, कॉफी गार झालीय माझी."

ट्वायलानं हात खाली घेतला. मग तिनं ते उचललं, एकेक घर फिरवून पाहिलं, खोक्यात ठेवून झाकण लावलं. "थँक्यू, मिस ऑर्लीन," म्हणाली आणि बाहेर गेली. ट्रकचं दार वाजलं. आम्हाला वाटलं, आत बसून रडेल. पण ती परत आली. एका काखेत म्हाताऱ्याचा स्वेटर, दुसऱ्या हातात जादा बाटली, बोटांना अडकवलेली औषधांची पिशवी. सगळं तिनं बाकावर त्याच्या शेजारी नीट रचून ठेवलं.

"हे काय?" ओरव्हल म्हणाला.

"पांढरी गोळी जेवणानंतर, पिवळी झोपताना. रॅन्सला फोन करा."

"आणि तू कुठे निघालीस?"

"रेंजवर. पाच झाडायच्यात."

"आणि मग?"

"मग बघते," ती म्हणाली आणि गेली.

रेंज दुकानामागेच, पशुखाद्याच्या कोठाराच्या पलीकडे. तिथला आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू येतो. अपमान झालेली बाई, एकटी, हातात रिव्हॉल्व्हर. मी दाराकडे धावले तोच पहिला बार ऐकू आला. मग दुसरा. तिसरा आणि चौथा पाठोपाठ. पाचवा येईना. डबनं टोपी काढून छातीशी धरली होती, मूर्ख कुठला. आणि ओरव्हल? तो कप घेऊन बसला होता, पण प्यायला नव्हता. मग पाचवा आला, आणि जरा वेळानं तिच्या ट्रकचं इंजिन. आवाज त्यांच्या घराकडे गेला नाही. पूर्वेला, हमरस्त्याकडे गेला.

"सगळे एकाच जागी बसले असणार," ओरव्हल म्हणाला. "हात माझा आहे तिचा." हे तिच्यासमोर त्यानं एकदाही म्हटलं नव्हतं.

"मग सांगायचं होतंस तिला," मी म्हटलं.

"येईल ती. जाते कुठे?"

डब जेवायच्या वेळी घरी सटकला, बाकीचेही गेले. ओरव्हलला न्यायला कुणी थांबलं नाही. त्यानं रॅन्सला फोन लावला, उचलला नाही. दुपारी रॅन्सनं दुकानात फोन केला. मी झालेलं सांगितलं. तो म्हणाला, "शनिवार-रविवार मला अजिबात जमणार नाही. ट्वायला आहे ना?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग येईलच ती," आणि दुसरा फोन येतोय म्हणून ठेवून दिला. मी शब्द न शब्द ओरव्हलला सांगितला, काही गाळलं नाही.

चारच्या सुमाराला बाटलीचा काटा लाल खुणेवर आला. "बदल," तो म्हणाला.

"कशी बदलतात?"

त्यानं बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "किल्ली असते काहीतरी. ती लावून... ट्वायला करते ते." कुठल्या नंबरचं रिव्हॉल्व्हर कुठल्या महिन्यात निघालं हे झोपेत सांगणारा माणूस, सहा वर्षं नाकाला लागलेली बाटली कशी उघडते हे त्याला माहीत नव्हतं. मी झाकणावरच्या सूचना वाचून वाचून बदलली. तोवर त्याचे ओठ जांभळे झाले होते आणि त्यानं माझी बाही इतकी घट्ट धरली होती की शिवण उसवली. माझी बाही नव्हे, तो कुणाची बाही धरत होता ते मला कळलं.

संध्याकाळी मी गल्ला मोजला, कपाटांना कुलपं लावली. तो स्वेटर मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसला होता. बाहेरून एखादा ट्रक गेला की मान उचलायचा.

"पन्नास वर्षं खाऊ घातलं," तो म्हणाला. "आणि अशी सोडून गेली. वेडनं कधी, एकदासुद्धा, मला असं सोडलं नाही."

"मग मार त्याला हाक," मी म्हटलं आणि पुढच्या दाराचं कुलूप लावायला गेले.